सीट बसते, पण खटका लागत नाही

“जावईबापू, मी हलतेय की सीट?”

सासूबाईंनी हे विचारलं तेव्हा आमची गाडी कळवा पुलावरून ठाण्याकडे उतरत होती. श्रावणी सोमवार, कौपिनेश्वराला निघालेलो, त्यांच्या मांडीवर बेलाची पिशवी. हलत सीटच होती. मागचा भाग जरा उचलला जायचा, परत बसायचा, आणि दर खड्ड्याला त्यांच्या हेल्मेटची माझ्या हेल्मेटला टक्कर. जांभळी नाक्यापर्यंत मी गाडी अशी चालवली की सायकलवाले घंटी मारून पुढे गेले. परत येताना त्या रिक्षाने आल्या. मी काही बोललो नाही, त्याही काही बोलल्या नाहीत, आणि न बोललेलं आमच्या घरात जास्त दिवस टिकतं.

माझा धंदा पाण्याचे फिल्टर दुरुस्त करण्याचा. सकाळी खारेगावातून निघायचं, नौपाडा-पाचपाखाडीतली कामं उरकायची आणि दुपारनंतर घोडबंदर रोड, पार कासारवडवलीपर्यंत. टेफ्लॉन टेप, दोन-चार एल्बो, टीडीएस मीटर असलं बारीकसारीक सामान सीटखाली असतं, त्यामुळे माझी सीट दिवसातून आठ-दहा वेळा उघडते. इतरांची वर्षातून दोनदा उघडत असेल, एकदा बॅटरी बसल्यावर आणि एकदा कागद शोधताना. म्हणून या एका विषयात माझा हात जरा जास्त चालला आहे, एवढंच. मेकॅनिक नाही मी. गाडी दीडशे सीसीची, २०१३ सालची, अखंड एका सीटची. चावीने सीट उघडते अशा बहुतेक गाड्यांना पुढचं लागू पडेल. ज्यांची सीट साइड पॅनलखालच्या दोन बोल्टांवर बसते त्यांनी बोल्ट आवळावेत आणि चहा प्यावा.

सीट लागत नाही म्हटलं की माणूस पहिलं काय करतो? आपटतो. मीही आठवडाभर आपटली. सोसायटीच्या वॉचमनला माझी येण्या-जाण्याची वेळ त्या आवाजावरून कळायला लागली होती. आपटून फायदा शून्य, तोटे दोन. कडी वाकते, आणि सीटचा तळ प्लॅस्टिकचा असतो तो कडीच्या बोल्टापाशी चिरतो. मग साध्या दुखण्याचं मोठं दुखणं होतं.

दुसरं लोक करतात ते लॉक बदलणं. एका गॅरेजमध्ये मला दोन मिनिटांत निकाल मिळाला, “लॉक गेलंय साहेब, सेट टाकायला लागेल.” सेट म्हणजे इग्निशन, टाकीचं झाकण आणि सीट, तिन्ही एका चावीचं. नुसतं सीटचं टाकलं तर जन्मभर दोन चाव्या वागवा. मी “विचार करून सांगतो” म्हणालो, आणि घरी येऊन खरंच विचार केला. फिल्टर बंद पडला की गिऱ्हाईक मला सांगतं, “मशीन गेलं, नवीन टाका.” मी आधी नळ चालू आहे का बघतो. इथेही तेच करायला हवं होतं.

तर आधी ही भानगड कशी चालते ते समजून घ्या, पुढचं काम निम्मं होतं.

सीट दोन ठिकाणी धरलेली असते. पुढे टाकीच्या बाजूला सीटच्या तळाला एक चपटी जीभ असते, ती फ्रेमवरच्या पट्टीखाली सरकते. मागे, टेललाइटच्या जरा पुढे, फ्रेमवर एक लहान लोखंडी पेटी असते. तोच खटका. पेटीला वरून खाच, आणि खाचेच्या आड स्प्रिंगने ओढून धरलेला एक दात. सीटच्या पोटाला जाड सळईची यू आकाराची कडी. कडी खाचेत उतरते, दाताच्या उतरत्या पाठीवर दाबली जाते, दात मागे सरतो, कडी पुरेशी खाली गेली की स्प्रिंग दाताला परत ओढते आणि दात कडीवर येऊन बसतो. ‘खट्’ असा जो आवाज येतो तो हा. उघडताना चावी फिरते, चावीच्या मागची केबल दाताला ओढते, कडी सुटते.

आता नीट बघा. बंद करताना चावीचं काम काहीच नाही. कडी, दात आणि स्प्रिंग, तिघांतच व्यवहार होतो. दाराला लॅच लावलेला असतो, बाहेर पडताना आपण दार नुसतं ओढून घेतो तसं. त्यामुळे सीट उघडत नसेल तर लॉकवर संशय घ्या. सीट लागत नसेल तर लॉकचा नंबर सर्वांत शेवटी. एक अपवाद आहे, तो केबलचा. त्यावर पुढे येतो.

आधी फुकटातली तपासणी. गाडी सपाट जागेवर मधल्या स्टँडवर घ्या. साइड स्टँडवर गाडी कलते, सीटही कलती बसते, आणि तुम्ही नसलेला दोष शोधत बसता. इग्निशन बंद. सीट काढा आणि खालचं सगळं सामान बाहेर काढा. सगळं म्हणजे सगळं. माझ्या सीटखालून एल्बो आणि टेपशिवाय जे निघालं ते असं: पुसायचं फडकं, आरसी-इन्शुरन्सच्या झेरॉक्सची घडी घातलेली जाड पिशवी, एक जुना स्पार्क प्लग, रेनकोटची फक्त पँट आणि गेल्या वर्षीची राखी. पावसाळ्यात सीट लागेनाशी होण्याचं सर्वांत मोठं कारण रेनकोट हे आहे. लोक तो कोंबतात, सीट दाबतात, आणि रेनकोट तिला स्पंजसारखा परत वर ढकलतो.

आता रिकाम्या गाडीवर सीट बसवून बघा. मागचा भाग वीतभर उचललेला ठेवून सीट टाकीकडे सरकवा. जीभ पट्टीखाली गेली की पुढचं टोक वर उचललं जात नाही. ते उचलून खात्री करा. हे न करता लोक वरून सीट ठेवतात, जीभ पट्टीवर चढून बसते, आणि मागे कडी खाचेच्या एक बोट मागे उतरते. मग वर्षभर दाबलीत तरी लागणार नाही. जीभ गेली की तळहात बरोबर खटक्याच्या वर ठेवून दाबा. मध्ये नाही, टोकाला नाही, खटक्याच्या वर. आवाज आला तरी त्यावर भरवसा ठेवू नका. मागचे दोन्ही कोपरे धरून वर ओढून बघा. अर्धवट अडकलेला दातही ‘खट्’ म्हणतो.

निम्म्या लोकांचं काम इथे संपेल. माझं संपलं नाही.

पुढची चाचणी मला या सगळ्यात सर्वांत आवडते, कारण ती एका मिनिटात दोष गाडीकडे आहे की सीटकडे आहे ते सांगते. सीट बाजूला ठेवा. कडीइतक्याच जाडीच्या दांड्याचा स्क्रूड्रायव्हर घ्या. कडी खाचेत ज्या दिशेने बसते त्याच दिशेने तो आडवा धरा आणि दोन्ही हातांनी सरळ खाली दाबा. दात मागे जाऊन परत आला पाहिजे, आवाज स्वच्छ आला पाहिजे, आणि स्क्रूड्रायव्हर वर ओढला तर सुटता कामा नये. मग चावी फिरवा, तो मोकळा झाला पाहिजे. असं दहा वेळा करा. दहापैकी दहा वेळा लागला तर खटका निर्दोष आहे, दोष सीटकडे. एकदा जरी निसटला तर खटक्याकडे बघा.

हे करताना बॅटरी तिथेच शेजारी असते याचं भान ठेवा. लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर बॅटरीच्या दोन टोकांना एकदम टेकला तर ठिणग्या उडतात आणि स्क्रूड्रायव्हरला खळगा पडतो. माझ्याकडे असा एक आहे. बॅटरीवर रबराचा तुकडा किंवा कोरडं जाड फडकं टाका.

खटक्याकडे दोष निघाला तर

नव्वद टक्के वेळा तो मळलेला असतो. मागच्या चाकाचा चिखल मडगार्डच्या फटीतून वर येतो, तो थेट तिथे. शिवाय आपला ठाणेकरांचा खास मसाला वेगळाच. घोडबंदरला मेट्रो ४ चं काम सुरू झाल्यापासून जी सिमेंटची बारीक धूळ उडते ती खटक्यातल्या जुन्या ग्रीसवर बसते, पावसात भिजते, आणि वाळली की त्याची मलमासारखी घट्ट राब होते. दात त्यात पोहत परत येतो. स्प्रिंग बिचारी ओढते, पण दात शेवटची दोन मिलिमीटर जात नाही. तेवढ्यातच सगळं असतं.

यावर लोक स्प्रे मारतात. गंज सोडवणारा स्प्रे चांगला आहे, पण तो मारून थांबू नका. तो मळ सैल करतो, काढत नाही, आणि स्वतः वाळून जातो. आठ दिवसांनी परत तेच. जुना टूथब्रश आणि थोडं डिझेल घेऊन पेटी आतून घासा. दात बोटाने मागेपुढे करत राहा, प्रत्येक फेरीला काळं पाणी येईल. ते यायचं थांबेपर्यंत घासा. पेट्रोल वापरू नका, बॅटरी आणि वायरिंग हातभर अंतरावर आहे. पुसून कोरडं करा, मग दाताच्या बिजागरीवर आणि उतरत्या पाठीवर बोटाच्या टोकावर मावेल एवढंच ग्रीस लावा. लाडू वळताना हाताला तूप लावतो तितकं. जास्त ग्रीस म्हणजे धुळीला जास्त पाहुणचार.

चावीच्या भोकात मात्र तेल-ग्रीस काही घालू नका. तेलात धूळ चिकटते आणि आतल्या बारीक पत्र्या अडतात. सहा बी ची पेन्सिल चावीच्या खाचांवर दोन्ही बाजूंनी घासा, चावी दहा-बारा वेळा आत-बाहेर करा. ग्रॅफाइट तेच काम करतं आणि धूळ धरत नाही.

स्प्रिंग तपासायला दात बोटाने मागे न्या आणि सोडा. तो टपकन परत यायला हवा. रेंगाळत आला आणि साफसफाई झालेली असेल तर स्प्रिंग थकलीय किंवा एका टोकाने सुटलीय. बदलायची तर जुनी बरोबर घेऊन दुकानात जा. नुसत्या अंदाजाने जास्त कडक आणलीत तर सीट लावायला पैलवान लागेल. आणि स्प्रिंग काढताना तिच्यावर फडकं धरा. आमच्या इमारतीत एकाची स्प्रिंग उडाली ती थेट गटाराच्या जाळीतून खाली. त्याच्या पुढच्या पंधरा मिनिटांच्या भाषणाला मी साक्षीदार आहे.

आता तो अपवाद. केबल जास्त ताणलेली असेल तर ती दाताला कायम थोडं मागे धरून ठेवते. चावी फिरवली नाही तरी खटका अर्धा उघडाच. चावी मूळ जागी असताना केबलची तार खटक्यापाशी बोटाने हलवा. दीड-दोन मिलिमीटरची ढिलाई जाणवली पाहिजे. अजिबात नसेल तर केबलचं बाहेरचं आवरण त्याच्या क्लिपमधून निसटलंय का, किंवा केबल कुठे फ्रेम आणि पॅनलमध्ये चेंगरून वाकलीय का ते बघा. ढिलाई जास्त असेल तर उलटा त्रास, सीट लागते पण उघडत नाही. आणखी एक खूण सांगतो. चावी फिरवून सोडली की ती आपली आपण परत आली पाहिजे. तुम्हाला ती हाताने परत आणावी लागत असेल तर केबल आत गंजलीय, तिची एकेक तार तुटायला लागलीय. बदलून टाका, स्वस्त वस्तू आहे. सीट लागलेली असताना ती तुटली तर मात्र तुम्हाला महाग पडेल.

स्कूटरवाल्यांसाठी दोन ओळी. काही स्कूटरच्या खटक्यात सरळ दाताऐवजी फिरणारा काटा असतो. कुणी चाळा म्हणून बोटाने दाबला तर तो सीट वर असतानाच बंद होऊन बसतो, आणि मग सीट कितीही दाबली तरी कडी त्याच्या डोक्यावर आपटते. चावी फिरवा, काटा उघडेल, झालं. घरात लहान मूल असेल तर आधी हेच बघा.

माझा खटका दहापैकी दहा वेळा लागला. म्हणजे दोष सीटकडे. आणि सीटचं रेक्झिन मी आषाढातच नवीन करून घेतलं होतं. त्यामुळे मी तिथल्या तिथे निकाल लावला, रेक्झिनवाल्याने वाट लावली. बायकोलाही तसं सांगून टाकलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

कुंकू आणि कणीक

सीटकडे दोष असेल तर एकच अडचण असते. सीट लावली की खाली काय होतंय ते दिसत नाही. कडी खाचेच्या पुढे पडतेय, मागे पडतेय, तिरकी जातेय, की सरळ जाऊन वरच थांबतेय? चारही गोष्टी वरून सारख्याच दिसतात. फक्त इलाज चार वेगळे.

मी देवघरातून चिमूटभर कुंकू घेतलं, त्यात खोबरेल तेलाचे दोन थेंब घालून गंधासारखं कालवलं आणि कडीच्या खालच्या वाकावर बोटाने लावलं. खटका फडक्याने पुसून काळाकुळकुळीत स्वच्छ केला. जीभ सरकवून सीट हळूच खाली नेली, तळहाताने दाबली, आणि न हलवता सरळ उचलली.

खटक्यावर लाल ठिपका असतो तिथे उत्तर असतं. खाचेच्या पुढच्या कडेवर लाल आलं तर कडी पुढे पडतेय. मागच्या कडेवर आलं तर मागे. तेव्हा कडीचे दोन बोल्ट बघा, बहुधा दहा नंबरचा पाना लागतो. पुष्कळ गाड्यांत त्या बोल्टांची भोकं लांबट असतात, ती याच कामासाठी. बोल्ट अर्धा फेरा सैल करून कडी दोन मिलिमीटर सरकवा, आवळा, पुन्हा कुंकू. एका वेळी दोन मिलिमीटरपेक्षा जास्त नको. लाल एकाच बाजूच्या भिंतीवर आलं तर सीट तिरकी बसतेय, जिभेपासून पुन्हा सुरुवात करा, किंवा कडी वाकलीय. वाकलेली कडी सीटला लागलेली असताना ठोकू नका. पट्टीसकट काढून वाइसमध्ये धरून सरळ करा, नाहीतर तळ चिरला म्हणून समजा.

माझ्या खटक्यावर तांदळाच्या दाण्याएवढा लाल ठिपका होता, बरोबर मध्यावर, दाताच्या उतरत्या पाठीवर. पुढे-मागे स्वच्छ. खाचेच्या तळाशी कुंकवाचा मागमूस नाही. कडी सरळ येत होती, बरोबर जागी येत होती, आणि तीन-चार मिलिमीटर आधी थांबत होती. कुणीतरी सीटला खालून टेकू देत होतं.

तो कोण, ते शोधायला कणीक. सीटच्या तळाला जाड रबरी गुट्टे असतात, माझ्या सीटला चार आहेत, दोन पुढे दोन मागे. ते फ्रेमवर टेकतात आणि सीटचं वजन घेतात. बायको पोळ्या करत होती, तिच्याकडून मी बोराएवढे पाच-सहा गोळे मागून घेतले. तिने कशाला विचारलं नाही, आधी कुंकू गेलं होतं, तिला वाटलं असेल मी गाडीची पूजा करतोय. गोळे प्लॅस्टिकच्या पिशवीच्या तुकड्यात गुंडाळून फ्रेमवर चारही गुट्ट्यांच्या जागी ठेवले, सीट बसवली, दाबली, उचलली. पुढचे दोन गोळे पुरीसारखे जाड राहिले होते. मागचे दोन पापड. म्हणजे मागचे गुट्टे आधी टेकतात आणि सीटचा मागचा भाग वर धरून ठेवतात.

सीट उलटी केली. मागच्या दोन्ही गुट्ट्यांवर निळ्या रंगाचं काहीतरी चिकटवलेलं. नखाने खरवडलं. स्लिपरचा तुकडा. माझ्याच स्लिपरचा.

मग आठवलं. मार्चमध्ये सीट खडखड वाजत होती म्हणून मी जुन्या स्लिपरचे दोन चौकोन कापून मागच्या गुट्ट्यांना चिकटवले होते. खडखड गेली होती, मी खूश होतो, आणि नंतर विसरून गेलो. तेव्हापासून चावी फिरवताना दुसऱ्या हाताने सीट दाबावी लागत होती. तेही मला आठवलं. हे तुमच्या बाबतीत होत असेल तर आत्ताच सावध व्हा. सीट दाबल्याशिवाय चावी फिरत नाही याचा अर्थ दातावर कडीचा ताण आहे, कडी जेमतेम पोचतेय. आज उघडायला त्रास, उद्या लागायला.

रेक्झिनवाल्याचाही वाटा होता, अगदीच सोडत नाही मी त्याला. त्याने मागच्या टोकाला कापड दुमडून दुहेरी घडी तळाखाली घेतली होती आणि तिच्यावर पिना मारल्या होत्या. ती घडी फ्रेमवर टेकत होती. दोन मिलिमीटर घडीने खाल्ले, बाकीचे माझ्या स्लिपरने. नुसती घडी खपली असती, नुसती स्लिपर पाच महिने खपलीच होती. दोघं एकत्र आल्यावर कडी पोचेना. स्लिपरचे तुकडे मी खरवडून काढले. घडीसाठी त्याच्याकडे परत गेलो, त्याने पिना उपसून जास्तीचं कापड कापलं आणि आखूड पिना मारून दिल्या. पैसे घेतले नाहीत. हे घरी करायचं असेल तर कागदाचा स्टेपलर चालत नाही, स्टेपल गन लागते, आणि पिना लांब असतील तर त्या तळातून आरपार फोमपर्यंत जातात. त्यापेक्षा त्याच्याकडेच जा.

मूळ खडखडीचं काय? गुट्टे झिजले होते, म्हणून सीट हलत होती. चौघांचा संच आणला आणि चारही बदलले. दोनच बदलू नका, उंची कमीजास्त होते. नवे बसवताना गुट्ट्याच्या देठाला साबणाचं पाणी लावा, भोकात सरकन जातात. एखादा गुट्टा पडून गेलेला असेल तर त्या जागी बाटलीचं बूच, रबरी पट्टा, स्लिपर काही लावू नका. कुणी हसलं तर हसू द्या, पण मी लिहून ठेवतो आहे.

एवढं करूनही जमत नसेल तर मागे बघा. कॅरियर किंवा मागची पकडायची दांडी बसवताना जाड वॉशर टाकले जातात, बोल्ट लांबचा लावला जातो, आणि त्याचं डोकं सीटच्या तळाला लागतं. तिथेही कणकेचा गोळा ठेवा, खरं बोलतो. आणि गाडी मागून ठोकली गेली असेल, मडगार्ड चाकाच्या रेषेत दिसत नसेल, तर फ्रेमची शेपटी वाकलेली असू शकते. ते घरी करायचं काम नाही.

खटका लागत नसताना दोन दिवस मी सीट बंजी दोरीने बांधून फिरलो होतो, तेही सांगून टाकतो. एकटा असताना. मागे माणूस बसवायचा असेल तर तसं करू नका. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२८ मध्ये स्पष्ट आहे की मागे बसणारा माणूस गाडीला पक्क्या बसवलेल्या सीटवरच बसला पाहिजे. दोरीने बांधलेली सीट पक्की नसते. ब्रेक लागला की ती पुढे येत नाही, बाजूला सरकते, आणि एका बाजूने बसलेली बाई तिच्याबरोबर सरकते. त्या सोमवारी पुलावर काय होऊ शकलं असतं याचा विचार मी नंतर केला, तेव्हा केला असता तर मीही रिक्षाने गेलो असतो.

शेवटचं काम आहे ते सीट लावण्याआधी करायचं. केबल कधीतरी तुटतेच, आणि ती सीट लागलेली असतानाच तुटते. मग बॅटरी आत, टूलकिट आत, आणि तुम्ही बाहेर. असं झालंच तर एकाने सीट खटक्यावर दाबून धरायची आणि दुसऱ्याने चावी हळू फिरवायची. दातावरचा ताण गेला की दोन-चार तारांवर लोंबणारी केबलही कधीकधी काम करून जाते. तेही नाही जमलं तर मडगार्डखालून हात घालून केबलचं टोक शोधत बसायचं. मी ते एकदा माजिवड्याच्या पुलाखाली पावसात केलंय, परत करणार नाही. त्यापेक्षा आत्ता, सीट हातात असताना, मासे पकडायच्या नायलॉन दोऱ्याचा हातभर तुकडा घ्या. एक टोक केबल ज्या भोकात अडकते त्याच्या शेजारी दाताच्या दांडीला बांधा. गाठ दोनदा मारून टोक काडीने किंचित वितळवा, बॅटरीपासून लांब. दोरा केबलच्या वाटेनेच न्या, कुठे ताण राहणार नाही इतका सैल. मग सीट न लावता स्क्रूड्रायव्हरची चाचणी परत करा, या वेळी चावीऐवजी दोरा ओढून. सुटला की काम झालं.

दुसरं टोक गाडीखाली अशा जागी सोडायचं की तुम्हाला अंधारात सापडेल आणि दुसऱ्याला उजेडातही दिसणार नाही. माझं कुठे आहे ते अर्थातच इथे लिहीत नाही.